आधी आठवडा मोकळा करा, मग अर्ज भरा

लंडनजवळच्या स्लाऊहून आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी ४४ वर्षांची आहे. माहेर साताऱ्याचं. पुण्यात मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलं. लग्नानंतर इंग्लंडला आले, इथे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बायोमेडिकल सायंटिस्ट आहे आणि रात्रपाळ्या असतात. आम्ही इथे कायमचे झालो आहोत. मराठीत कथा लिहिते, तीन दिवाळी अंकांत छापून आल्या. ऑक्सफर्डच्या पार्ट-टाइम क्रिएटिव्ह रायटिंग मास्टर्सला अर्ज करावा असं फार दिवस मनात आहे. नवरा म्हणतो, एवढ्या पैशांत तुझं पुस्तक छापून होईल. मुलगा पुढच्या वर्षी जीसीएसईला (इथली दहावीसारखी परीक्षा). मागे एक ऑनलाइन कोर्स घेतला होता, पण आई आजारी पडली आणि चौथ्या आठवड्यात तो सुटला. माझं इंग्रजी ऑफिसचं आहे. अर्ज करू का? माझ्या कथांची भाषांतरं पाठवली तर चालतील का? आणि प्रवेश मिळालाच तर पुरं होईल का? सोबत एक कथा पाठवत आहे, आणि इंग्रजीत सहज लिहिलेलं एक पान."

नमस्कार,

अर्ज करा. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. फक्त तो घाईघाईने भरू नका. पुढच्या फेरीसाठी भरा आणि तोवर काही कामं उरकून घ्या.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत आणि "पुरं होईल का" हा सगळ्यात शेवटी ठेवलाय. मी तिथूनच सुरुवात करते. नोकरी सांभाळून असा दोन वर्षांचा अभ्यास मी केला आहे, आणि नंतर बऱ्याच जणांना तो करताना जवळून पाहिलं आहे. मधेच सोडणाऱ्यांत "लिहायला जमत नाही" म्हणून सोडणारे फार थोडे. बहुतेकांच्या घरात लिहिण्याला मुळात जागाच नव्हती. प्रवेश मिळाला की ती आपोआप होईल, असं ते धरून चालले होते. तशी ती होत नाही. घरच्यांनाही त्यात दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं की मंगळवारी संध्याकाळी आई घरात असूनही नसणार आहे.

ऑक्सफर्डचा हा अभ्यासक्रम, एम.एस्टी. (मास्टर ऑफ स्टडीज), त्यांच्या कंटिन्युइंग एज्युकेशन विभागाचा आहे आणि त्याची बांधणीच नोकरदारांना धरून केलेली आहे. दोन वर्षांत पाच रेसिडेन्सी (म्हणजे तिथे जाऊन काही दिवस सलग करायचे वर्ग), दोन गाइडेड रिट्रीट आणि एक रिसर्च प्लेसमेंट. पहिल्या वर्षी कथा-कादंबरी, कविता, नाटक-पटकथा, सत्यकथनपर गद्य या सगळ्यांत हात घालावा लागतो, तुम्हाला आवडो न आवडो. दुसऱ्या वर्षी त्यातला एक प्रकार निवडून मोठं काम करायचं. शिवाय समीक्षेचं लेखनही असतं, आणि तेही तितक्याच गांभीर्याने तपासलं जातं. दर आठवड्याला ऑक्सफर्डची गाडी पकडायची नाही म्हटल्यावर सगळ्यांना हायसं वाटतं. मग लोक किती रजा लागेल ते मोजतात आणि हिशेब जमला असं समजतात. खरं काम असतं ते दोन रेसिडेन्सींच्या मधल्या आठवड्यांत. त्या आठवड्यांत कुणी तुम्हाला वर्गात बोलावत नाही. घरी एकटीने बसून मसुदा लिहायचा, मोडायचा, पुन्हा लिहायचा, वर वाचनाची यादी संपवायची.

म्हणून तुमचं पहिलं काम अर्जाचं नाही, आठवड्याचं आहे. रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशीची दुपार लिहिण्यासाठी धरू नका. ती झोपेची आहे, आणि अर्धवट झोपेत लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाचवत नाही. तुमच्या रोटात, म्हणजे पाळ्यांच्या वेळापत्रकात, आठवड्याला दोन ठिकाणं अशी शोधा जिथे सलग तीन तास मिळतील. एक संध्याकाळ आणि शनिवारची एक सकाळ, असं काहीतरी. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती वेळ तुमच्या नावाने लिहा. त्या संध्याकाळी जेवण कोण करणार, मुलाला क्लासहून कोण आणणार, साताऱ्याहून फोन आला तर कोण घेणार, हे नवऱ्याशी बसून ठरवा. आणि हे आजपासून करा, कोर्स नसतानाच. तीन महिने ही वेळ टिकली तर तुम्ही कोर्स पुरा कराल, हे मी आत्ताच सांगते. नाही टिकली तर ती का मोडली ते बघा. रोटा आडवा आला असेल तर रोट्याचं काहीतरी करता येतं. पण तुम्हीच दर वेळी उठून कपडे घडी करायला गेलात, तर तो प्रश्न ऑक्सफर्डला जाऊन सुटणारा नाही.

रोट्यासाठी एक उपाय आहे आणि आपल्याकडचे लोक संकोचाने तो वापरत नाहीत. ६ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये नोकरीच्या अगदी पहिल्या दिवसापासून फ्लेक्सिबल वर्किंगची, म्हणजे कामाच्या वेळा बदलून घेण्याची, रीतसर मागणी करता येते, बारा महिन्यांत दोनदा. मालकाने दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. नकार देता येतो, पण त्याला कायद्यात ठरवून दिलेल्या कारणांपैकी एखादं दाखवावं लागतं. "मला कमी काम हवं" असं लिहू नका. "अमुक वारी संध्याकाळी मला पाळी नको, त्याऐवजी मी रविवार घेईन" असं लिहा. लॅब मॅनेजरला अडचण समजून घ्यायला वेळ नसतो. तयार तोडगा पुढे ठेवला तर मात्र तो पटकन सही करतो. रेसिडेन्सीच्या तारखा हातात पडल्या की त्याच आठवड्यात रजा टाका, नाहीतर शाळेच्या सुट्ट्यांसाठी सगळे तुटून पडतात आणि तुमची रजा अडकते.

तो अर्धवट सुटलेला कोर्स मनातून काढून टाका. आईचं आजारपण हे सोडण्याचं पुरेसं कारण होतं. त्यातून तुमच्या चिकाटीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. मात्र त्या वेळी तुम्ही कुणाला कळवलं होतं का, मुदत मागितली होती का, हे आठवून पाहा. आपण मराठी माणसं, त्यातही बायका, अडचण आली की गुपचूप बाजूला होतो. इथल्या विद्यापीठांत अडचण सांगायची रीतसर सोय असते. आजारपण, घरातला मृत्यू अशा कारणांसाठी मुदतवाढ मिळते, आणि फारच बिकट झालं तर 'सस्पेन्शन ऑफ स्टेटस' घेऊन काही काळ थांबून पुन्हा सुरू करता येतं. एकच अट पाळायची: मुदत उलटायच्या आधी मेल करायचा. उलटल्यावर तीच विनंती फार जड जाते.

आता तुम्ही पाठवलेल्या पानांकडे येते.

कथा मी दोनदा वाचली. वाडा, आजी, न्हाणीघरातला बंब, आजी गेल्यावर तो बंब कुणी न्यायचा यावरून तीन जावांमध्ये धुमसणारं भांडण. चांगली आहे. एकही जाऊ वाईट वाटत नाही, हे सोपं नाही. पण ती भाषांतर करून पाठवू नका. ही कथा कोण कुणाला कसं हाक मारतं, कोण कुणाचं नाव घेत नाही, यावर उभी आहे. इंग्रजीत नेताना त्यातलं अर्धं तळटिपेत जाईल आणि उरलेलं पोकळ वाटेल. दुसरं असं, की परीक्षक पोर्टफोलिओत, म्हणजे अर्जासोबतच्या लेखनाच्या नमुन्यात, तुमची इंग्रजी वाक्यं बघणार: शब्द का निवडला, वाक्य कुठे तोडलं. भाषांतरात त्यांना दिसतात त्या तडजोडी, आणि त्यावरून ते तुमची पारख करतील. ती कथा मराठीच राहू दे. दिवाळी अंकांसाठी लिहिणं तर मुळीच थांबवू नका. अरुण कोलटकरांनी आयुष्यभर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत कविता लिहिली, एकीसाठी दुसरी सोडली नाही.

ते इंग्रजी पान मात्र वेगळंच आहे. पावणेतीन वाजलेत. ब्लड कल्चरची (रक्तात जंतू आहेत का ते तपासण्याची) एक बाटली पॉझिटिव्ह झाल्याचा अलार्म वाजतो. तुम्ही थेंब काचेवर पसरता, सुकवता, आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग धुणं, मग लाल. मायक्रोस्कोपखाली जांभळ्या गोलांचे झुबके दिसतात. वॉर्डला फोन लावता. पलीकडचा डॉक्टर इतका दमलेला आहे की तो तुम्हाला पेशंटचं नाव दोनदा विचारतो. तुम्ही स्पेलिंग सांगता, जन्मतारीख सांगता, आणि सांगता सांगता तुमच्या लक्षात येतं की जन्मसाल तुमच्या आईचंच आहे. डॉक्टर म्हणतो, "थँक यू, लॅब." तुम्हाला तो 'लॅब' म्हणतो. तुम्ही फोन ठेवता.

हे पान तुमचा पोर्टफोलिओ आहे. तुम्ही लिहिता की इंग्रजी ऑफिसचं आहे. अहो, तेच तर या पानात कामाला आलंय. छोटी, नेमकी वाक्यं. विशेषणं जवळजवळ नाहीत. जिला रोज फोनवर चूक न करता निकाल सांगावा लागतो तिचं इंग्रजी आहे ते, आणि ते दुसऱ्या कुणाकडे नाही. कृपा करून ते 'साहित्यिक' करायला जाऊ नका. कुठल्या एआयला किंवा पुतण्याला "जरा छान करून दे" म्हणूनही देऊ नका. तो तुमचा आवाज पुसून टाकेल, आणि अर्जातलं लेखन तुमचंच असल्याची जबाबदारी तुमच्यावर असते.

एक सुधारणा सुचवते. फोन ठेवल्यानंतर तुम्ही सहा ओळी लिहिल्यात, की त्या रात्री दूर असण्याचा अर्थ कसा कळला वगैरे. त्या काढा. जन्मसाल वाचणाऱ्याने पाहिलंय, पुढचं त्याला कळतं. त्या सहा ओळींच्या जागी गोष्ट पुढे न्या. पाळी संपल्यावर काय झालं? साताऱ्याला तेव्हा किती वाजले असतील? तुम्ही फोन केलात का, आणि केला असेल तर आजारपणाबद्दल न बोलता कशाबद्दल बोललात? गद्य पाठवायचं तर ऑक्सफर्ड सुमारे २,००० शब्द मागतं. तेवढ्यात ही एक रात्र आणि एक सकाळ बरोबर बसेल. दोन तुकडे जोडून पाठवण्यापेक्षा सलग एकच पाठवा.

पण खबरदारी घ्या. तुम्ही एचसीपीसी या आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे नोंदलेल्या आहात, आणि पेशंटची गोपनीयता ही नोंदणीची अट आहे. 'नाव बदललं' एवढं पुरत नाही. वय, वॉर्ड, जंतू, महिना, हॉस्पिटलचा तपशील, सगळं असं बदला की त्या रात्री ड्युटीवर असलेल्या माणसालाही ओळख पटू नये. कथा म्हणूनच पाठवा, अनुभवकथन म्हणून नको. जन्मसालाचा योगायोग खरा असेल तर साल बदला, योगायोग ठेवा.

अर्जातल्या स्टेटमेंटमध्ये, म्हणजे स्वतःबद्दलच्या निवेदनात, "लहानपणापासून वाचनाची आवड" हे वाक्य नको. ते प्रत्येक अर्जात असतं. सध्या काय लिहिताय, त्यात कुठे अडलंय, अलीकडे काय वाचलं आणि त्यातून लिहिण्यापुरतं काय उचललं, हे सरळ सांगा. वेळ कसा काढणार तेही दोन वाक्यांत लिहा. तोवर तुमची मंगळवारची संध्याकाळ तीन महिने चाललेली असेल, त्यामुळे लिहिण्यासारखं खरं काहीतरी असेल. आणि दिवाळी अंकांचा उल्लेख ओझरता करू नका. 'मासिकात तीन कथा' एवढंच लिहिलंत तर त्यांना काही समजणार नाही. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत दर दिवाळीला साहित्याचे विशेषांक निघतात, कथाकाराची ओळख बऱ्याचदा तिथेच होते, आणि तुमच्या कथा तिथे संपादकांनी निवडून छापल्या. हे एका वाक्यात येतं आणि तुमच्या नावामागे शंभरहून जास्त वर्षांची परंपरा उभी राहते. संकोच कशाला?

शिफारसपत्रं तीन लागतात, आणि इथे तुमच्या वयाचे लोक अडतात. एम.एस्सी.चे सर निवृत्त झालेले, त्यांनी तुमची एक ओळही वाचलेली नसते. एक पत्र लॅब मॅनेजरचं घ्या. वेळेत आणि नेमकं काम करता एवढं त्याने लिहिलं तरी पुष्कळ. दुसरं दिवाळी अंकाच्या संपादकांचं. त्यांना विद्यापीठाकडून लिंक येते, ती स्पॅममध्ये जाते, मग शेवटच्या दिवशी धावपळ होते. म्हणून आधी फोन करून सांगा, इंग्रजीत लिहायचं आहे हेही सांगा. तिसऱ्या पत्रासाठी आत्ताच एखादा छोटा कोर्स करा. ऑक्सफर्डचाच कंटिन्युइंग एज्युकेशन विभाग दहा आठवड्यांचे ऑनलाइन लेखनवर्ग चालवतो. त्यातून तुमचं इंग्रजी लेखन वाचलेला एक शिक्षक मिळेल, आणि तुमच्या त्या दोन वेळा खऱ्या कामाला जुंपल्यावर टिकतात का तेही कळेल.

इंग्रजीच्या परीक्षेचं आधी विचारून घ्या. ऑक्सफर्डची वरच्या पातळीची अट आयईएलटीएसमध्ये एकूण ७.५ आणि प्रत्येक भागात किमान ७ अशी आहे. पुण्याची पदवी इंग्रजी माध्यमातली असली तरी सूट मिळेलच असं धरू नका. विभागाला मेल करा. परीक्षा द्यावी लागलीच तर निकाल दोन वर्षं चालतो. अर्ज साधारणपणे आदल्या सप्टेंबरात उघडतात, त्यामुळे उन्हाळ्यात हे उरकलेलं बरं.

आता पैसे. तुमच्या नवऱ्याचा प्रश्न खडूसपणाचा नाही, त्याला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवं. आधी एक वाईट बातमी. इंग्लंडमध्ये पोस्टग्रॅज्युएट मास्टर्स लोन मिळतं, २०२५-२६ मध्ये सुरू झालेल्या कोर्ससाठी १२,८५८ पौंडांपर्यंत, आणि पार्ट-टाइमवाल्यांनाही. पण ज्यांच्याकडे आधीच मास्टर्स आहे त्यांना ते मिळत नाही, आणि परदेशातली समतुल्य पदवीही त्यात धरतात. तुमचं पुण्याचं एम.एस्सी. इथे आडवं येणार. हे फी भरायच्या वेळी कळण्यापेक्षा आज कळलेलं चांगलं. म्हणजे पैसे बचतीतून जाणार. चालू वर्षाची होम फी, म्हणजे इथल्या रहिवाशांसाठीची फी, विद्यापीठाच्या पानावर आहे. तीत रेसिडेन्सीच्या दिवसांचं राहणं, जाणं-येणं, पुस्तकं आणि मुख्य म्हणजे तुम्ही सोडणार त्या जादा पाळ्यांची कमाई मिळवा. बेरीज कागदावर मांडून दोघं बघा.

आणि त्यातून परत काय मिळेल? पैसे जवळजवळ नाहीत. २०२२ मध्ये एएलसीएस या लेखकांच्या संस्थेने केलेल्या पाहणीत, लेखन हाच मुख्य व्यवसाय असलेल्या ब्रिटनमधल्या लेखकांची लेखनातून होणारी मधली (मीडियन) वार्षिक कमाई ७,००० पौंड निघाली. पदवीने प्रकाशक मिळेल अशी हमी कुणी देत नाही. नवऱ्याला हे स्पष्ट सांगा. पण त्याच्या म्हणण्यातली एक गोष्ट मला मान्य नाही. त्या पैशांत पुस्तक 'छापून' होईल हे खरं, ते कुणी तुमच्यासोबत बसून वाचणार मात्र नाही. मराठीत हे काम एके काळी संपादक करत. 'सत्यकथे'साठी राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून कथेत काय फसलंय ते सांगत. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झालं. आज तुमची कथा घेणारे संपादक प्रेमाने घेतात, पण अंक वेळेत काढायच्या धावपळीत तुमच्याशी वाक्यावाक्यावर बोलणं त्यांना शक्य नसतं. कोर्समध्ये तुम्ही विकत घेता ते हे: तुमचं लेखन बारकाईने वाचणारी माणसं, आणि टाळता न येणारी तारीख. तेवढ्यासाठी ही रक्कम तुम्हा दोघांना योग्य वाटते का, एवढंच ठरवायचं आहे. नाही वाटली तर स्वस्त रस्ते आहेत, ते खाली सांगते.

कोर्समधल्या वर्कशॉपबद्दल, म्हणजे एकमेकांचं लेखन वर्गात तपासण्याबद्दल, थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या कथाकथनाच्या किंवा साहित्य मंडळाच्या बैठकीची सवय असलेल्यांना पहिल्या वेळी धक्का बसतो. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६ पासून चालत आलेली ही रीत. इंग्लंडमध्ये माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन यांनी १९७० मध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठात एम.ए. सुरू केलं, तेव्हापासून ती इथे रुजली. तुमचा मजकूर सगळ्यांना आधी पाठवलेला असतो. सगळे त्यावर खुणा करून येतात. मग ते बोलतात, आणि बऱ्याच वर्गांत लेखकाने तोवर गप्प बसायचं असतं. "खूप छान, डोळ्यांत पाणी आलं" असं कुणी म्हणत नाही. "दुसऱ्या पानावर माझं लक्ष उडालं" असं म्हणतात, चहा पिता पिता.

तिथे तुमच्या वाट्याला दोन प्रकारचे शेरे येतील. एक: हा पदार्थ कुठला, हे नातं कोणतं, जरा समजावून सांगा. हे सगळे मनावर घेतलेत तर तुमची कथा पर्यटकांसाठीची माहितीपुस्तिका होईल. वाचकाला सगळं कळण्याची गरज नसते. दुसरा: "ती जेवणाच्या टेबलावर गप्प का बसली ते मला कळलं नाही." हा शेरा लिहून घ्या, घरी या, आणि त्याच जागी काम करा. मराठी वाचकाला ते गप्प बसणं सवयीने समजतं, म्हणून आपण ते लिहायचंच सोडून देतो. परक्या वाचकामुळे अशा जागा सापडतात, आणि त्याचा उपयोग पुढे तुमच्या मराठी कथेलाही होईल. वर्गात लगेच उत्तर देऊ नका, आणि त्याच रात्री मजकूर बदलायला बसू नका. दोन दिवस जाऊ द्या.

अवघड काळ सहसा दुसऱ्या वर्षी नाताळनंतर येतो. पहिल्या वर्षी छोट्या छोट्या तारखा असतात, त्या धक्का देत राहतात. मग एकच मोठं काम उरतं, तारीख लांब असते, दिवस लवकर मावळतो, आणि तुमच्या बाबतीत मुलाचं पुढचं शिक्षणही तेव्हाच डोक्यावर असेल. त्या काळासाठी वर्गातल्या एक-दोन जणांशी आधीच ठरवून ठेवा, की दर पंधरा दिवसांनी एकमेकांना पानं पाठवायची, कशीही असली तरी. आणि सुपरव्हायजरला लिहायला संकोच करू नका. कच्चं दाखवलं तर ती काय म्हणेल या भीतीने लोक महिनाभर गप्प राहतात, मग तोंड दाखवायची लाज वाटते, आणि मग सोडतात. कच्चं दाखवा, ती त्यासाठीच आहे.

मुलाच्या जीसीएसईचं म्हणाल तर तारखा मांडून बघा. परीक्षा मे-जूनमध्ये असतात, कोर्स शरदात सुरू होतो. पुढच्या फेरीला अर्ज केलात तर तो परीक्षा देऊन मोकळा झाल्यावर तुमचं पहिलं सत्र सुरू होईल. घाई करू नका म्हणाले, त्याचं हेही एक कारण आहे.

अर्ज एकाच ठिकाणी करू नका. लंडनचं बर्कबेक तुमच्यासाठी मला ऑक्सफर्डइतकंच योग्य वाटतं. १८२३ साली काम करणाऱ्या माणसांच्या शिक्षणासाठी निघालेली ती संस्था, आजही तिचे वर्ग संध्याकाळी भरतात, आणि क्रिएटिव्ह रायटिंगचं एम.ए. दोन वर्षांत पार्ट-टाइम करता येतं. स्लाऊहून एलिझाबेथ लाइनने टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरून चालत जाता येतं. फक्त तिथे ठरलेल्या संध्याकाळी हजेरी लागेल, म्हणजे रोटा आधी पक्का हवा. घरूनच करायचं असेल तर ओपन युनिव्हर्सिटीचं एम.ए. आहे, पूर्ण दूरस्थ, १८० क्रेडिटचं. आणि पदवीच नको, पण एकदा सगळं सोडून लिहून बघायचं आहे असं वाटलं तर १९६८ पासून चालू असलेल्या आर्वन या लेखनसंस्थेचे आठवडाभराचे निवासी वर्ग आहेत. फी परवडत नसेल त्यांना तिथे अनुदानासाठी अर्ज करता येतो. वर म्हटलेला स्वस्त रस्ता तो.

नकार आला तर त्यात कारण लिहिलेलं नसेल. जागा थोड्या, अर्ज पुष्कळ, आणि त्या वर्षीच्या वाचणाऱ्यांचा कल वेगळा असू शकतो. त्यावरून आपलं इंग्रजीच कमी पडलं असा निष्कर्ष काढत बसू नका. तोवर रात्रपाळीची गोष्ट पूर्ण झालेली असेल. ती इथल्या एखाद्या मासिकाला पाठवा आणि पुढच्या सप्टेंबरात नवी पानं घेऊन पुन्हा अर्ज करा.